पुन्हा तारीख पडली!

माझ्या उजव्या गुडघ्यावर निळ्या शाईने एक बाण काढला होता. सकाळी सहाला एक तरुण डॉक्टर आले. ‘आजी, कुठला पाय?’ त्यांनी विचारलं. मी ‘उजवा’ म्हटलं. त्यांनी केसपेपर पाहिला, एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला आणि जाड मार्कर पेनाने बाण काढला. चुकून भलत्याच पायावर शस्त्रक्रिया होऊ नये म्हणून ही खूण करतात. मुलांच्या वह्यांवर लाल शाईने खुणा करण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. आता आपल्याच अंगावर कुणीतरी खूण करतंय, याची गंमत वाटून मी हसलेसुद्धा.

रात्री बारापासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र काढून लेकीच्या पर्समध्ये ठेवलं होतं. अंगात मागून बंद बांधायचा तो हिरवा गाऊन, डोक्याला टोपी. पहिला नंबर दुसऱ्या एका बाईंचा, दुसरा माझा. साडेदहापर्यंत खाली नेतील, असं आदल्या रात्री सांगितलं होतं. साडेदहा वाजले, बारा वाजले, एक वाजला. बाहेर चाकांचा आवाज झाला की ह्यांचा हात माझ्या हातावर यायचा आणि स्ट्रेचर पुढच्या खोलीकडे गेलं की परत जायचा. अडीच वाजता सिस्टर आल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो कप पाहूनच मला कळलं.

‘घ्या आजी, चहा घ्या. आज नाही होणार तुमचं.’

का नाही होणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वॉर्डबॉय म्हणाला, ‘ओटीचा एसी बंद पडलाय.’ बिलाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, ‘मेडिक्लेमवाल्यांची मंजुरी आली नसेल.’ मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘काही तांत्रिक कारण आहे, मोठे डॉक्टर सांगतील.’ मोठे डॉक्टर त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्चार्जचा कागद हातात आला. त्यावर पुढच्या तारखेच्या जागी ‘फोनवर कळवण्यात येईल’ असं लिहिलं होतं.

आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही, बावन्न पायऱ्या. ऑपरेशनला निघाले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांनी मला खुर्चीत बसवून उतरवलं होतं. शेजारच्या काकूंनी हातावर दही-साखर ठेवली होती आणि ‘नवा गुडघा घेऊन या हो’ म्हणाल्या होत्या. तीच मुलं, तीच खुर्ची, आणि खुर्चीत तोच जुना गुडघा. परत वर जाताना प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडत होतं आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न होता, ‘झालं का?’

गुडघ्यावरचा बाण मात्र चार दिवस गेला नाही. साबणाने घासला, तेलाने पुसला, तरी निळसर दिसतच होता.

हे सगळं मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. माझ्यासारख्या घरोघरी आहेत. कुणाचा गुडघा, कुणाचा खुबा. तारीख मिळते, घर कंबर कसतं, आणि तारीख पुढे जाते. मग भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘अहो, गुडघाच तर आहे. जिवावरचं थोडंच आहे? जे होतं ते बऱ्यासाठीच.’ हे खरं आहे, आणि तरीही ते ऐकल्यावर ताट भिरकावून द्यावंसं का वाटतं, याचा मी या महिन्या-दोन महिन्यांत बराच विचार केला. तो तुमच्यापुढे मांडावा, एवढाच हेतू.

आधी गुडघ्याविषयी. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतं तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. आपल्याकडे ‘वंगण संपलं’ म्हणतात, पण खरी झीज होते ती या थराची. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे झिजलेली कूर्चा कातडीसारखी भरून येत नाही. ती संपली की हाडावर हाड घासतं. मग पाय धनुष्यासारखे वाकतात, रात्री कुशीवर वळताना जाग येते, आणि माणूस घरातल्या घरात अंतरं मोजू लागतो. पलंग ते न्हाणीघर अकरा पावलं, न्हाणीघर ते ओटा चौदा. मी तेहतीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून शिकवलं, आणि डोंबिवली ते घाटकोपर लोकलमध्येही बहुतेक उभीच होते. गुडघ्याने काम चोख केलं, आता तो थकला. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

आमच्या आईच्या वेळी याला औषध म्हणजे नारायण तेल, विटकरीचा शेक आणि ‘वय झालं’ हे वाक्य. शेवटची सात वर्षं ती पाटावर बसून हातांनी सरकत सरकत घरभर फिरायची. तिच्या पाटाचा फरशीवर घासल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. गुडघा बदलता येतो, हे तेव्हा आमच्यासारख्या घरांत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते घरोघरी कळलं २००० साली. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झालं आणि उजव्याचं पुढच्या वर्षी जूनमध्ये. शस्त्रक्रिया करायला न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये ज्या मंडळींनी आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना घडवला, त्यांत डॉ. जॉन इनसॉल यांच्याबरोबर हे राणावतही होते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तेव्हा चार दिवस दुसरा विषय नव्हता. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये प्लास्टिकची गादी, असं आमच्या विज्ञानाच्या बाईंनी खडूने फळ्यावर काढून दाखवलं होतं. मला तेव्हा आईच आठवली.

पुढे माझाच नंबर आला तेव्हा पहिली अडचण पैशाची. तीही कमी झाली. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी त्याला सरासरी दीड लाखाच्या वर मोजावे लागत. रुग्णालयाचा, भुलीचा, खोलीचा खर्च वेगळा असतोच, पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला आकडा निदान नजरेच्या टप्प्यात आला. ह्यांनी हिशेबाची वही काढली, मेडिक्लेमचे कागद लावले. पैशाची बाजू अशी मार्गी लागली. अडलं ते तारखेशी.

पहिली तारीख होती २०२० च्या एप्रिलमधली. पुढचं सांगायला नको. २० मार्चला सरकारने रुग्णालयांना सूचना दिली की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. दोन-तीन दिवसांत लोकल थांबल्या, मग सगळा देशच थांबला. त्या वेळी जगभरच्या शल्यविशारदांच्या एका गटाने अंदाज केला होता की साथीच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत जगात दोन कोटी ऐंशी लाखांहून अधिक ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील. त्या दोन कोटी ऐंशी लाखांत माझा एक गुडघा. मी एका शब्दाने कुरकुरले नाही. समोरच्या इमारतीतला चाळिशीचा माणूस रुग्णवाहिकेतून गेला तो परत आला नाही, तिथे माझ्या गुडघ्याचं काय! उलट ‘तुमची खाट दुसऱ्या कुणाला मिळाली असेल’ असं ह्यांनी म्हटलं तेव्हा जरा बरंच वाटलं होतं.

मग भीतीत दोन वर्षं गेली. त्यानंतर ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, लेकीचं बाळंतपण आलं. बाईच्या दुखण्याचा नंबर घरात नेहमी सगळ्यांच्या मागे लागतो. तो मीच मागे लावत होते, हेही कबूल करते.

दुसरी तारीख गेल्या नोव्हेंबरमधली. तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा टुडी-एको. भूलतज्ज्ञांनी तोंड उघडायला सांगितलं ते नळी घालायला जागा बघण्यासाठी, आणि त्यांना दिसली माझी डावीकडची दाढ. हिरडी सुजलेली, आत पू. ‘दुखते का?’ ‘अधूनमधून.’ ‘मग गुडघा थांबेल. आधी दाढ.’ तारखेला आठच दिवस राहिले होते. मला इतका राग आला! गुडघा कुठे, दाढ कुठे! मी परत येताना टॅक्सीत ह्यांना म्हटलं, ‘उद्या म्हणतील, केस पांढरे झालेत, म्हणून थांबा.’

पण त्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, आणि घरी येऊन शांत झाल्यावर मला ते पटलं. दाढेतले जंतू रक्तातून फिरतात. शरीराच्या जिवंत भागात त्यांच्याशी लढायला रक्त पोचतं, पण धातूच्या आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ते चिकटून थर करून बसले की औषधं तिथे नीट पोचत नाहीत. मग कधी कधी बसवलेला सांधा काढावा लागतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

या शास्त्राचा इतिहासच मुळी सबुरीचा आहे. इंग्लंडमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयातले सर जॉन चार्नली हे कृत्रिम खुब्याचे जनक मानले जातात. १९५८ च्या सुमारास त्यांनी खुब्याची वाटी टेफ्लॉनची करून पाहिली. सुमारे तीनशे रुग्ण आनंदाने चालत घरी गेले. पण दोन-तीन वर्षांत ते टेफ्लॉन झिजू लागलं, त्याच्या भुकटीने आतून सूज येऊ लागली, आणि चार्नलींना आपल्याच हाताने केलेली कामं उघडावी लागली. त्यांनी टेफ्लॉनचा कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी टणक पॉलिएथिलीनची वाटी बसवायला सुरुवात केली, आणि या वेळी दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती ती देण्याआधी काही वर्षं वाट पाहिली. दुसरं असं की शस्त्रक्रियेच्या जागी जंतू शिरण्याचं प्रमाण सुरुवातीला शंभरात सात ते नऊ होतं. शुद्ध हवेची बंदिस्त जागा, डॉक्टरांचे खास पोशाख अशा उपायांनी त्यांनी ते शंभरात एकाच्याही खाली आणलं. म्हणजे जंतूंची ही भीती कुणाच्या मनाची नव्हे. त्या भीतीचा मान राखला म्हणूनच आज गुडघे टिकतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ब्याऐंशी पंचवीस वर्षं टिकतात, असं दिसलं. तेवढा टिकणारा गुडघा हवा असेल तर दाढेसाठी दोन महिने थांबलं पाहिजे. मी दाढ काढली आणि थांबले.

आणि मग ही तिसरी तारीख, फेब्रुवारीतली. बाणाची आणि चहाच्या कपाची.

बाहेरच्या माणसाला ऑपरेशनची तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा एक चौकोन वाटतो. घरातल्या माणसाला विचारा. बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने वर्षभर एकही रजा न घेता बावीस दिवस साठवले होते. नातवाला सासूबाईंकडे ठेवून ती आली होती. ह्यांनी महिनाभर आधीपासून कुकर लावायला, फोडणी द्यायला शिकून घेतलं होतं. एकदा हात भाजला तरी शिकले. हॉलमधला सोफा शेजारी ठेवून तिथे उंच पलंग आणला. गालिचे गुंडाळले, कारण वॉकर अडकतो. न्हाणीघरात भिंतीला दांडा ठोकला, कमोडवर उंच बैठक बसवली. महिन्याच्या भाड्याने वॉकर आणला. दिवसपाळीला एक मावशी ठरवल्या, त्यांना अर्धे पैसे आगाऊ दिले. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधी बंद केली, आणि ती बंद असेपर्यंत ह्यांना झोप नाही. व्यायामाच्या ताई येऊन मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचे व्यायाम करून घेत होत्या, कारण ऑपरेशननंतर तोच स्नायू आपल्याला उभं करतो.

यातली प्रत्येक गोष्ट त्या एका तारखेला बांधलेली होती. तारीख सुटली आणि सगळी माळ ओघळली. लेकीच्या बावीस दिवसांतले नऊ तिथेच संपले. तिची रजा ही काही पुन्हा भरणारी विहीर नव्हे. ती निघाली त्या सकाळी दोघीही काही बोललो नाही. तिने फक्त मंगळसूत्र पर्समधून काढून माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, ‘आई, पुढच्या वेळी मला यायला जमेल की नाही, सांगता येत नाही गं.’ मावशींनी दुसरं काम धरलं. त्यांचंही पोट आहे. तपासण्यांची मुदत संपली, म्हणजे त्या पुन्हा करायच्या. मेडिक्लेमची मंजुरीही त्या तारखेपुरतीच होती. आणि गुडघा काही तारखेची वाट बघत तसाच राहत नाही. हालचाल कमी झाली की स्नायू रोडावतो, आणि स्नायू रोडावला की पुढचं ऑपरेशन झाल्यावर उभं राहायला जास्त दिवस लागतात.

अशा शस्त्रक्रियांना वैद्यकात जो शब्द आहे त्याचं भाषांतर कुणीतरी ‘ऐच्छिक’ असं केलंय. मला दिलेल्या छापील कागदावर तोच शब्द होता. मी शिक्षिका. ऐच्छिक विषय म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत आहे. चित्रकला घ्या नाहीतर गायन घ्या, नाही घेतलं तरी वर्ष वाया जात नाही. डॉक्टरांना अभिप्रेत आहे ते एवढंच की ही शस्त्रक्रिया आजच्या आज केली नाही तर जीव जाणार नाही, दिवस ठरवून करता येईल. तसं असेल तर ‘नियोजित’ म्हणा. ‘ऐच्छिक’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ती कुणाची तरी हौस वाटते, आणि हौस पुढे ढकलायला कुणालाच अपराधी वाटत नाही. पाटावर सरकणाऱ्या माझ्या आईची ती इच्छा नव्हती.

घरी आल्यावर मी आठ दिवस कुणाशी नीट बोलले नाही. ह्यांना वाटलं, दुखतंय म्हणून. दुखत तर होतंच. पण गेल्या दोन वेळी मी इतकी खचले नव्हते, मग याच वेळी का, ते माझं मलाच कळत नव्हतं. शेवटी ह्यांनी जुन्या पद्धतीने डॉक्टरांना एक पत्र लिहिलं. तक्रार नाही, दमदाटी नाही. ‘माझ्या पत्नीला त्या दिवशी चौदा-साडेचौदा तास उपाशी ठेवून घरी पाठवलं. कारण समजलं असतं तर बरं झालं असतं,’ एवढंच. पत्र त्यांच्या दवाखान्यात नेऊन दिलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला, ‘येऊन भेटता का?’

आम्ही गेलो. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि समोर बसले. म्हणाले, ‘आदल्या रात्री अपघाताच्या दोन केसेस आल्या. एक तेवीस वर्षांचा मुलगा, मोटरसायकलवरून पडलेला, मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं. त्याला आधी घ्यावं लागलं. तुमच्या आधीच्या बाईंचं काम लांबलं. सकाळी दहालाच मला कळलं होतं की तुमचं आज होणार नाही. मी वर निरोप द्यायला सांगितलं, तो पोचला नाही. मी स्वतः यायला हवं होतं. चुकलंच माझं.’

ते तेवीस वर्षांच्या मुलाविषयी बोलत होते तेव्हा माझ्या मनात आलं, हे मला सकाळी दहाला कुणी सांगितलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? ‘आधी त्याला घ्या,’ हेच म्हटलं असतं. कुठल्याही आईने हेच म्हटलं असतं. मग राग कशाचा होता? लोकलच्या प्रवासात मी कितीदा तरी गरोदर बाईला, तान्हं मूल घेतलेल्या बाईला उठून जागा दिली आहे. पाय दुखत असतानाही दिली आहे, आणि ती दिल्यावर उभ्याने प्रवास करताना कधी वाईट वाटलं नाही. पण कुणी हाताला धरून, काही न बोलता आपल्याला जागेवरून उठवलं तर? प्रवास तोच, उभं राहणंही तेच. तरी घरी येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबणार नाही. त्या दिवशी माझी जागा त्या मुलाला मिळाली, हे योग्यच झालं. पण ती मी दिली नाही. ती द्यायची संधीच मला कुणी दिली नाही. साथीच्या वेळी आणि दाढेच्या वेळी मला कारण ठाऊक होतं, म्हणून थांबणं माझं होतं. या वेळी मला नुसतं थांबवलं गेलं.

त्या पाच मिनिटांनंतर मी आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रांगा लांबलचक आहेत. अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं तिथलं उद्दिष्ट २०१६ पासूनच पाळलं गेलेलं नाही, आणि साथीनंतर तर रांग आणखी वाढली. तरी तिथे रुग्णांना दिलेलं एक वचन मला महत्त्वाचं वाटतं. रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर, वैद्यकीय नसलेल्या कारणाने शस्त्रक्रिया रद्द झाली, तर अठ्ठावीस दिवसांच्या आतली पक्की तारीख द्यायची, नाहीतर रुग्णाच्या पसंतीच्या रुग्णालयात तिची सोय करायची. वचन दर वेळी पाळलं जातंच असं नाही, पण ते लिहिलेलं आहे, आणि लिहिलेल्या गोष्टीकडे बोट दाखवता येतं. आपल्याकडे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यातला पहिलाच हक्क माहितीचा आहे. महाराष्ट्रातही २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत बदल होऊन अशी सनद रुग्णालयात लावणं बंधनकारक झालं. माझ्या रुग्णालयातही ती होती, लिफ्टजवळ. स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या माणसाला ती दिसत नाही, एवढंच.

मी फार मागत नाही. तारीख पुढे जाणार असेल तर जाऊ दे. यंत्रं बिघडतात, माणसं आजारी पडतात, रात्री अपघात होतात. पण ते कळल्याबरोबर रुग्णाला सांगा, चहाच्या कपावरून ओळखायला लावू नका. तिघांनी तीन कारणं सांगण्यापेक्षा एकानेच खरं कारण सांगा. आणि ‘फोनवर कळवण्यात येईल’ असं लिहिण्याऐवजी एक तारीख लिहा, मग ती दूरची का असेना. तारीख असली की घर पुन्हा उभं राहतं. घरच्यांनाही एक सांगणं आहे. ज्याचं ऑपरेशन पुढे गेलं त्याला ‘बरंच झालं’ म्हणू नका. ‘काय सांगितलं, का गेलं पुढे?’ असं विचारा आणि ते नीट ऐका. माझ्या ह्यांनी पत्र लिहिलं, ते मला दही-साखरेहून जास्त उपयोगी पडलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी वहीत बघून नवी तारीख दिली. येत्या बावीस तारखेची, पहिला नंबर. तपासण्या पुन्हा झाल्या. गोळी सतराला बंद करायची आहे. लेकीला चारच दिवस मिळतायत, पुढचे आठ दिवस माझी धाकटी बहीण साताऱ्याहून येणार आहे. मावशी नव्या शोधल्या. वॉकर परत केला नव्हता, तो दाराआड उभाच आहे, त्याच्या दांड्यावर ह्यांनी आपली छत्री अडकवून ठेवली आहे. खालच्या मजल्यावरच्या मुलांना विचारलं, ‘पुन्हा खुर्ची उचलाल ना रे?’ तर म्हणाले, ‘आजी, या वेळी येताना तुम्ही एकतरी जिना चालत चढायचा.’

मी हो म्हटलं आहे. सकाळ-संध्याकाळ पलंगावर बसून पाय सरळ करून दहापर्यंत आकडे मोजते. काल पंधरापर्यंत गेले.